दोन फूट माती काढून मुरूम टाकला तर भागेल का? शिळफाट्याजवळच्या जुन्या केमिकल डंपबद्दल

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. मला काय समजलं ते आधी सांगतो. शिळफाट्याच्या आतल्या बाजूला तुमची वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे. नव्वदच्या दशकात वडिलांनी ती एका केमिकल कारखान्याला ‘माल ठेवायला’ भाड्याने दिली. त्यांनी तिथे खड्डे खणून गाळ ओतला, काही ड्रम पुरले आणि कारखाना बंद पडल्यावर तिकडे कोणी फिरकलं नाही. आता अर्ध्या जागेत भावाभावांची घरं आणि उरलेल्या जागेत गोडाऊन बांधायचा विचार आहे. ठेकेदाराचं म्हणणं असं की वरची दोन फूट माती उचलू, मुरूम टाकून रोलर फिरवू, विषय संपला. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की पावसाळ्यानंतर शेजाऱ्यांच्या विहिरीच्या पाण्याला पिवळट झाक येते.

माझ्या दृष्टीने ती शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. विहिरीच्या पाण्यात जे दिसतंय ते तुमच्याच जमिनीतून आलं असेल, तर ते दोन फुटांच्या कितीतरी खाली पोहोचलेलं आहे. वरची माती बदलून त्याला काहीही फरक पडणार नाही. उलट पोकलेनने सगळी जागा उकरल्यावर एक पावसाळा मध्ये आला, तर जे आजवर गाळात अडकून होतं तेही सुटं होऊन वाहू लागेल.

ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, अंबरनाथ, डोंबिवली या भागातल्या दूषित जमिनींचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. लोक बहुतेक वेळा हाच प्रश्न घेऊन येतात: किती माती काढायची? त्याआधीचे तीन प्रश्न कोणी विचारत नाही. जमिनीत नेमकं काय आहे? ते माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचतंय? आणि काढलेली माती जाणार कुठे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की किती काढायची हा प्रश्न आपोआप सुटतो. कधी तर असंही निघतं की बहुतेक जागेतली माती हलवायची गरजच नाही.

आधी ‘काय आहे’ ते बघू. त्या काळात ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि डोंबिवलीत रंग आणि रंगांची इंटरमीडिएट्स (रंग बनवायला लागणारी मधली रसायनं), औषधांचा कच्चा माल, प्लेटिंग (धातूवर मुलामा), कीटकनाशकं असे कारखाने भरपूर होते. घातक कचऱ्याचे पहिले नियम आपल्याकडे १९८९ मध्ये आले, पण कचरा नेऊन टाकायला कायदेशीर जागा तयार व्हायला पुढे बरीच वर्षं गेली. मधल्या काळात टँकर आणि डंपर रात्री कुठे रिकामे व्हायचे, हे गावातल्या वयस्कर माणसांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून पहिलं काम प्रयोगशाळेत करायचं नाही, गावात करायचं. त्या वेळी तिथे राखणदार कोण होता, डंपर कोण चालवायचं, कोणत्या कोपऱ्यात गुरं जायला बिचकायची, हे विचारा. गुगल अर्थवर जुनी उपग्रह-छायाचित्रं बघता येतात; साधारण २००० सालानंतरची चित्रं एकेक करून पाहिली की पुरलेले खड्डे, रंग बदललेली माती, गवत न उगवणारे चट्टे दिसतात. कारखान्याचं नाव माहीत असेल तर तो काय बनवायचा ते शोधा. उत्पादन कळलं की कचरा कळतो. लोखंडाचा चुरा वापरून नायट्रो संयुगांचं क्षपण करणाऱ्या रंग-कारखान्यातून काळा-तांबडा आयर्न स्लज निघतो. आम्ल चुन्याने मारणाऱ्या कारखान्यातून पांढरट जिप्समचा गाळ निघतो. डिस्टिलेशनच्या तळाशी उरतं ते काळं, चिकट, डांबरासारखं. क्रोम वापरणाऱ्या कारखान्याचा गाळ पिवळा किंवा हिरवट असतो.

तुमच्या पिवळ्या पाण्यामुळे माझी पहिली शंका क्रोमियमकडे जाते. पाणी पिवळं दिसायला इतरही कारणं असतात. लोह असेल तर बादलीत पाणी थोडा वेळ ठेवल्यावर तांबूस गाळ बसतो. रंगाच्या गाळातूनही पिवळेपणा येतो. पण एक खूण तुम्ही स्वतः पाहू शकता. एप्रिल-मे मध्ये जमीन तापली की खालचं पाणी वर ओढलं जाऊन वाफ होऊन जातं आणि त्यातले क्षार पृष्ठभागावर उरतात. जमिनीवर, जुन्या भिंतीच्या पायाशी किंवा दगडांवर पिवळी पापडी धरलेली दिसली, तर हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाचा, संशय बळावतो. त्या पापडीला हात लावू नका आणि मुलांना तिथे खेळू देऊ नका.

क्रोमियमबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण इथे फार गोंधळ होतो आणि तो दोन्ही बाजूंनी महागात पडतो. क्रोमियम मुख्यतः दोन रूपांत सापडतं. ट्रायव्हॅलंट क्रोमियम मातीला चिकटून राहतं, पाण्यात फारसं जात नाही आणि तुलनेने खूपच कमी विषारी असतं. हेक्साव्हॅलंट पाण्यात सहज विरघळतं, पाण्याबरोबर लांबवर जातं आणि कर्करोगकारक आहे. आता आपली जमीन बसॉल्टची. पारसिकच्या डोंगरापासून तुमच्या शेतापर्यंत सगळा दख्खनचा काळा पाषाण, आणि या पाषाणात क्रोमियम, निकेल, तांबं निसर्गतःच जास्त असतं. म्हणून प्रयोगशाळेने ‘टोटल क्रोमियम’ मोजलं की जिथे कधीही कारखाना नव्हता अशा भातखाचरातसुद्धा आकडा परदेशी मर्यादेच्या वर जातो. कॅनडाची निवासी जमिनीसाठीची टोटल क्रोमियमची मार्गदर्शक पातळी किलोमागे ६४ मिलिग्रॅम आहे. बसॉल्टपासून बनलेली आपली माती ती सहज ओलांडते. असा रिपोर्ट हातात घेऊन हादरलेली माणसं माझ्याकडे आली आहेत, आणि जमीन स्वस्तात मिळवायला कोणी असाच रिपोर्ट पुढे केल्याचंही मी पाहिलंय. उलट बाजूला, टोटलचा आकडा ‘इथे असतोच’ म्हणून सोडून दिला आणि त्यातला हेक्साव्हॅलंटचा वाटा मोजलाच नाही, असंही होतं. दोन्ही टाळायचं तर हेक्साव्हॅलंट वेगळं मोजून घ्या. आणि तुमच्या जागेपेक्षा चढावर असलेल्या, कचरा न पडलेल्या मातीचे तीन-चार नमुने तुलनेसाठी घ्या. या तुलनेच्या नमुन्यांशिवाय आलेल्या कोणत्याही रिपोर्टवर मी निर्णय घेत नाही.

नमुने कसे घ्यायचे? ठेकेदार किंवा एखादी प्रयोगशाळा सांगेल की पाच ठिकाणची वरची माती एकत्र करून एक नमुना द्या. ते करू नका. घातक गाळ एका खड्ड्यात असेल आणि चार ठिकाणची माती चांगली असेल, तर मिसळल्यावर आकडा मधलाच येतो. खड्डाही लपतो आणि चांगली मातीही बदनाम होते. दोन एकर म्हणजे साधारण ८,१०० चौरस मीटर. त्यावर २० मीटरची जाळी आखली तर वीसेक बिंदू होतात. प्रत्येक बिंदूवर निदान तीन खोलींवरून माती घ्यावी: अगदी वरची, मीटरभर खालची आणि मुरूम लागतो तिथली. शिवाय गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागा आणि छायाचित्रातले चट्टे यांवर जास्तीचे खड्डे. सगळ्या नमुन्यांवर सगळ्या चाचण्या करायची गरज नाही. हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) भाड्याने आणणारे सल्लागार आहेत. त्याने शिसं, क्रोमियम, तांबं, झिंक यांचा अंदाज जागेवरच येतो आणि महागड्या चाचण्या कुठे करायच्या ते ठरवता येतं. त्या यंत्राला हेक्साव्हॅलंट वेगळं ओळखता येत नाही आणि सेंद्रिय रसायनं तर दिसतच नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. पुरलेले लोखंडी ड्रम शोधायला मॅग्नेटोमीटर (जमिनीतलं लोखंड चुंबकीय बदलावरून ओळखणारं यंत्र) चालतो. जमिनीत रडार लहरी सोडणारं यंत्र आपल्या ओल्या चिकण मातीत फारसं उपयोगी पडत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त असावी, एवढ्यावर थांबू नका. ज्या घटकाची चाचणी हवी, तो घटक मातीसाठी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते विचारा. अनेकांची मान्यता पाण्यापुरती असते. बाष्पशील रसायनांचे नमुने उघड्या प्लॅस्टिक पिशवीतून गेले तर वाटेतच निम्मं उडून जातं आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. ते बंद बाटलीत, बर्फात आणि लवकर पोहोचले पाहिजेत.

रिपोर्टमधली आणखी एक गोष्ट समजून घ्या, कारण ती दाखवून तुमची समजूत घातली जाईल. मातीला आम्लयुक्त पाण्यात घुसळून त्यातून किती विष बाहेर पडतं ते मोजणारी टीसीएलपी नावाची चाचणी असते. २०१६ च्या घातक कचरा नियमांत या चाचणीत शिशाची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. त्याच्या खाली आलं तर रिपोर्टवर ‘नॉन-हॅझार्डस’ असा शेरा मिळू शकतो. पण पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे पाचशे पटीने कडक. कचरा कुठे टाकायचा हे ठरवण्यासाठी ती चाचणी आहे. त्या मातीवर रांगणाऱ्या मुलाला काय होईल, हे ती सांगत नाही. निवासी जागेसाठी मातीतलं एकूण प्रमाण बघावं लागतं. आपल्याकडे प्राथमिक चाळणीसाठी कॅनडाच्या पातळ्यांचा आधार घेतला जातो. त्यांत शिशाची पातळी घरांसाठी किलोमागे १४० मिलिग्रॅम आणि औद्योगिक वापरासाठी ६०० आहे. एकाच मातीचं उत्तर वापरावर कसं बदलतं ते यावरून दिसेल. तुमच्या बाबतीत याचा थेट उपयोग आहे: जास्त दूषित अर्धा भाग गोडाऊनच्या फरशीखाली आणि स्वच्छ अर्धा घरांसाठी, अशी अदलाबदल करता आली तर खर्च खूप खाली येतो. म्हणून आर्किटेक्टकडून नकाशा आत्ताच पक्का करून घेऊ नका. आधी मातीचा नकाशा, मग घराचा.

‘किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ’ हा वाद छोटा नाही. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याच्या जागेसाठी पाऱ्याची पातळी किलोमागे २० मिलिग्रॅम ठरली, तेव्हा तिथल्या लोकांनी ती फार सैल आहे म्हणून वर्षानुवर्षं भांडण केलं. माझ्या मते त्यांचा आग्रह रास्त होता, कारण पाण्याचा प्रवाह जिथे जातो तिथलं जंगल आणि मासेही हिशेबात धरावे लागतात. तुमच्या जागेचा उतार देसाई खाडीकडे असेल, आणि ते पाणी शेवटी ठाणे खाडीच्या पाण्याला जाऊन मिळतं. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. म्हणजे प्रश्न फक्त तुमच्या चार भिंतींचा नाही.

आता वाटा. विष नुसतं जमिनीत असून माणसाला बाधत नाही. ते धूळ होऊन नाकात, हाताला लागून तोंडात, पाण्यातून पोटात किंवा वाफ होऊन घरात यावं लागतं. यातली वाफेची वाट लोक हमखास विसरतात. बेंझीन, ट्रायक्लोरोइथिलीन यांसारखे द्रावक (सॉल्व्हंट) जमिनीत असतील तर त्यांची वाफ फरशीच्या भेगांतून, पाइपांच्या कडेने बंद खोलीत साचते. मालाडला जुन्या कचराभूमीवर ऑफिसं उभी राहिली आणि जमिनीतून येणाऱ्या वायूने संगणकांचे भाग गंजून बंद पडू लागले, हे अनेकांना आठवत असेल. वरून मुरूम टाकून ही वाट बंद होत नाही. ती बंद करायची तर फरशीखाली खडीचा थर, त्यातून छतापर्यंत नेलेले वायुनलिकांचे पाइप आणि वर जाड पडदा असं मुळातच बांधावं लागतं. घर झाल्यावर ते जवळजवळ अशक्य होतं.

पाण्याची वाट आपल्या भागात विशेष अवघड आहे. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. भूजल पावसाळ्यात जमिनीच्या अगदी जवळ येतं आणि मे महिन्यात खोल जातं. म्हणजे खड्ड्यातला गाळ दरवर्षी भिजतो आणि दरवर्षी निथळतो. खाली पाषाण लागला की पाणी सगळीकडे सारखं पसरत नाही, भेगांमधून जातं. त्यामुळे पन्नास मीटरवरची विहीर स्वच्छ आणि दोनशे मीटरवरची खराब असं होऊ शकतं. पाण्यापेक्षा जड असलेले क्लोरीनयुक्त द्रावक तर या भेगांतून खाली उतरत जातात आणि तिथून त्यांना काढणं फार कठीण असतं. पाण्याचे नमुने म्हणून दोनदा घ्यायचे: मेअखेर आणि पावसाळा संपल्यावर.

हे सगळं हातात आल्यावर उपायाचं बोलू. उपाय काय हे कशाचं प्रदूषण आहे त्यावर ठरतं, म्हणून मी तुमच्या जागेचा उपाय इथे बसून सांगणार नाही. पण कोणत्या परिस्थितीत मी काय सुचवतो ते सांगतो.

उचलून नेणं हा सरळ उपाय वाटतो. हिशेब करून बघा. दोन एकर, दीड मीटर खोल, म्हणजे बारा हजार घनमीटर. घनमीटरला १.८ टन धरले तर जवळपास बावीस हजार टन, आणि सोळा टनी डंपरच्या साडेतेराशेच्या आसपास खेपा. तेच गाळाचा खड्डा नेमका सापडला, समजा १५ बाय २० मीटर आणि दोन मीटर खोल, तर सहाशे घनमीटर, हजार-अकराशे टन, सत्तरेक खेपा. तपासणीवर खर्च केलेला पैसा इथे वसूल होतो. उचललेला घातक गाळ कायद्याने फक्त अधिकृत ठिकाणीच जाऊ शकतो. आपल्या जवळ तळोज्याला मुंबई वेस्ट मॅनेजमेंटची आणि महापेला टीटीसी वेस्ट मॅनेजमेंट असोसिएशनची सुविधा आहे. ते आधी नमुना तपासून सांगतात की गाळ थेट भूमीभरावात (लँडफिलमध्ये) जाईल, सिमेंट-चुन्याने घट्ट करून जाईल, की जाळावा लागेल. डांबरासारखा सेंद्रिय अवशेष साधारणपणे जाळण्याकडे जातो. प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे माल कुठून कुठे गेला याची नोंद असलेला फॉर्म १०, असतो आणि माल पोहोचल्याची सही होऊन प्रत परत यावी लागते.

तुमच्या ठेकेदाराला हे एकच विचारा: उचललेल्या मातीची मॅनिफेस्टची प्रत मला देणार का? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा इथेच बोलणं अडतं. आपल्या पट्ट्यात रोज कुठे ना कुठे भराव चालू असतो. एका जागेतून निघालेली माती दुसऱ्या कोणाच्या तरी प्लॉटवर, शाळेच्या मैदानावर, खारफुटीच्या कडेला भराव म्हणून पडते. तुमच्या वडिलांच्या जमिनीवर जे झालं तेच तुम्ही नकळत आणखी कुणावर तरी करून बसाल, आणि कायद्याने जबाबदारीही तुमच्याकडे येऊ शकते. ही गोष्ट मला मनापासून टोचते, म्हणून इतकं ठासून लिहितोय.

गाळ क्रोमियमचा निघाला तर तो जागेवरच निष्प्रभ करता येतो. फेरस सल्फेटचं द्रावण मिसळून हेक्साव्हॅलंटचं ट्रायव्हॅलंट करतात, मग आम्लता सांभाळून ते मातीत स्थिर करतात. प्रमाण आधी प्रयोगशाळेत काढावं लागतं आणि नंतर काही महिने पुन्हा पुन्हा तपासावं लागतं, कारण मातीच्या ढेकळांच्या आत प्रक्रिया पोहोचलेली नसते आणि पुढच्या पावसात पिवळेपणा परत येऊ शकतो. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमेटचा कारखाना नव्वदच्या दशकात बंद झाला. तिथले दीड लाख टनांहून मोठे ढीग आणि त्यांतून झिरपणारं पिवळं पाणी पुढे कित्येक वर्षं तसंच होतं. तुमचं प्रमाण त्याच्या तुलनेत नगण्य आहे, म्हणून वेळेत केलं तर आवाक्यातलं आहे.

डिझेल, फर्नेस ऑइल असं तेल असेल तर जिवाणूंकडून ते खाऊन घेण्याची पद्धत खरोखर चालते. माती पसरून, हवा-ओल-खत सांभाळून काही महिने द्यावे लागतात आणि पावसाळ्यात ती झाकावी लागते. पण हीच ‘कल्चर पावडर’ शिसं, क्रोमियम, पारा यांवरही चालते असं सांगून विकणारे येतात. धातू जिवाणू खाऊन संपत नाहीत. फार तर त्यांचं रूप बदलतं. सूर्यफूल किंवा वाळा लावून जमीन शुद्ध होईल असंही कोणी सांगेल. मुळं जातात तेवढ्याच खोलीपर्यंत काम होतं, वर्षानुवर्षं लागतात आणि कापलेलं पीक स्वतःच दूषित असतं. धूळ आणि धूप थांबवायला वाळा उत्तम, पण गाळाच्या खड्ड्यावर तो इलाज नाही. माती धुऊन काढायच्या पद्धती वाळूवर चालतात. आपल्या चिकण मातीत सगळं विष बारीक कणांना चिकटलेलं असतं आणि शेवटी धुतलेल्या मातीऐवजी विषारी चिखलाचा नवा डोंगर तयार होतो.

झाकून ठेवणं हाही प्रामाणिक उपाय आहे, फक्त त्याला खरं नाव द्यावं. कोपरखैरण्याची जुनी कचराभूमी शास्त्रीय पद्धतीने बंद करून तिथे निसर्ग उद्यान झालं, ते तुम्ही पाहिलं असेल. तो घरगुती कचरा होता, तुमचा रासायनिक आहे, पण तत्त्व तेच: दाबलेल्या चिकण मातीचा थर, त्यावर एचडीपीईचा (जाड प्लॅस्टिकचा) पडदा, पाणी निथळून जाण्याचा थर आणि वर माती. भूजल गाळाला खालून भिजवत असेल तर नुसतं वरचं झाकण पुरत नाही, हे तुमच्या बाबतीत आधी तपासावं लागेल. झाकलेल्या जागेवर बोअर नाही, मोठी झाडं नाहीत, पुढे कोणी पाया खणायचा नाही, आणि आजूबाजूच्या निरीक्षण-बोअरचं पाणी वर्षानुवर्षं तपासायचं. ही बंधनं लेखी, नोंदणीकृत कागदावर असली पाहिजेत. तुमच्या नातवंडांना ती माहीत असायला हवीत.

कायद्याचं थोडक्यात. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि त्यानंतर तेवढ्याच मुदतीत सविस्तर सर्वेक्षण करायचं, आणि ज्याने प्रदूषण केलं त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, असा त्याचा गाभा आहे. कारखाना बंद असला तरी कंपनी किंवा तिची वारस कंपनी कागदोपत्री अस्तित्वात असू शकते. म्हणून भाडेकरार, भाड्याच्या पावत्या, जुने फोटो, ड्रमवरची लेबलं हे सगळं जपा. ड्रम न हलवता लेबलांचे फोटो घ्या. अनेकांना भीती असते की मंडळाला कळवलं तर जमीनच अडकेल. वापरावर काही काळ बंधनं येऊ शकतात, हे खरं आहे. पण गुपचूप घरं बांधली आणि नंतर विहिरीवरून तक्रार झाली, तर दोष कारखान्यावर राहणार नाही, तुमच्यावर येईल. या बाबतीत पर्यावरण कायद्याचा वकील एकदा भेटा. फेरफार करणारा नेहमीचा वकील पुरेसा नाही.

तर क्रम असा: ठेकेदाराला थांबवा, जागेला कुंपण घाला आणि गुरं-मुलं आत जाणार नाहीत असं बघा. ड्रम उघडू नका, खड्ड्यात उतरू नका, त्यावर चुना किंवा आम्ल टाकून बघू नका. सल्फाइड किंवा सायनाइडच्या गाळावर आम्ल पडलं तर जीवघेणा वायू निघतो आणि तो खड्ड्यात साचून राहतो. कागद आणि आठवणी गोळा करा. तुलनेच्या नमुन्यांसह तपासणी करून घ्या. मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या. उपाय आणि घराचा नकाशा त्यानंतर.

पण या सगळ्याआधी, याच आठवड्यात, शेजाऱ्यांकडे जा. जमिनीचं काम महिनोन्महिने चालेल. ते पाणी ते आजही वापरत आहेत. तपासणी होईपर्यंत त्या विहिरीचं पाणी पिण्याला, स्वयंपाकाला आणि शक्यतो आंघोळीलाही वापरू नये, असं त्यांना स्पष्ट सांगा. पाणी उकळून क्रोमियम जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. साधा कॅन्डल फिल्टरही त्याला अडवत नाही. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि पाणी क्रोमियममुळे डोळ्याला पिवळं दिसत असेल तर ते प्रमाण या मर्यादेच्या कित्येक पट असतं. त्या विहिरीवर मोठा पंप लावून ‘पाणी उपसून साफ’ करायचा प्रयत्न करू नका. उपसा वाढला की दूषित पाणी तिकडेच आणखी वेगाने ओढलं जाईल. चाचणीचा खर्च तुम्ही उचला आणि रिपोर्टची एक प्रत त्यांना द्या, आकडे कसेही आले तरी.

रिपोर्ट आला की हेक्साव्हॅलंट क्रोमियम, पीएच (आम्लता), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि लोह यांचे आकडे इथे लिहा. विहीर तुमच्या जागेपासून किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला आहे, उतार कुठून कुठे आहे, तेही लिहा. पहिले चाचणी-खड्डे कुठे घ्यायचे ते त्यावरून सांगतो.